सिग्ने एकटी येणार आहे

लोंगनेस, १४ फेब्रुवारी

मालिन,

सुरुवातीचे काही आठवडे सगळ्यांचे फोन ऑफिसच्या कपाटात ठेवतात, असं ग्रानलीडेन उपचार केंद्रातल्या त्या बाईने मला सांगितलं. पत्रं चालतात म्हणे. तुला मी शेवटचं पत्र लिहिलं ते तू शाळेच्या शिबिराला गेली होतीस तेव्हा, आणि तू ते न उघडताच परत आणलं होतंस. हे उघड.

इथे सगळं ठीक आहे. काल मलईचे पाव खायचा मंगळवार होता, मी सेम्ला केले. शेजारच्या रोलांडने दोन खाल्ले आणि तिसरा 'घरी नेतो' म्हणून दारातच संपवला. बस चालवायचं सोडल्यापासून त्या माणसाला माझ्या स्वयंपाकघराशिवाय दुसरा थांबाच उरलेला नाही. पण इंटरनेट त्यानेच नीट करून दिलं, म्हणून मी काही बोलत नाही.

इंटरनेट तुझ्या लेकीसाठी, सिग्नेसाठी लागलं. तिचे उपचार सुरू झाले. तू इथून जाताना संमती देऊन गेलीस ते बरं केलंस, नाहीतर पुन्हा कागद फिरत बसले असते. सगळं ऑनलाइन असतं. दर आठवड्याला कॉम्प्युटरवर एक धडा येतो, तो वाचायचा, त्यातल्या प्रश्नांची उत्तरं लिहायची, काहीतरी करून बघायचं. मानसोपचारवाली हिल्लेवी नावाची आहे, ऊमेओला बसते, सिग्नेने लिहिलेलं सगळं वाचते आणि उत्तर देते. बुधवारी दुपारी ती पडद्यावर येते. तरुण आहे, केस कापून टाकलेत, मागे खिडकीत सुकलेलं झाड.

मी तिला पहिल्याच दिवशी सरळ विचारलं, "जिला माणसांसमोर जायची भीती वाटते तिला तुम्ही खोलीत बसवून बरं करणार?"

ती हसली. म्हणाली, "अगं सीव, ती आत्ता खोलीतच आहे ना? मग मी तिथेच जायला नको?"

मग मी सिग्नेसाठी खुर्ची रिकामी केली.

पहिल्या भेटीला सिग्नेने कॅमेरा लावला नाही, आवाजही नाही. नुसतं टाइप करत होती. हिल्लेवी बिचारी एका काळ्या चौकोनाशी बोलत होती, आणि चौकोन 'हो', 'नाही', 'माहीत नाही' असं लिहीत होता. पण सिग्ने शेवटपर्यंत बसली.

शाळेची काळजी करू नकोस. शिक्षिका अभ्यास घरी पाठवते. जेवते नीट, माझ्यासमोर तरी. सिग्नेने तुला घट्ट मिठी पाठवली आहे.

आई


३ मार्च

मालिन,

तुझं पत्र आलं. तिथल्या बर्फाचं आणि सकाळच्या सक्तीच्या फिरण्याचं वाचून मला बरं वाटलं. तुला कोणीतरी सकाळी सातला उठवतंय हे वाचून तर फारच.

इकडे धडा मलाही आहे! खरंच. जो मुलाला सांभाळतो त्याचे वेगळे धडे असतात. त्यात विचारलं होतं, 'तुम्ही मुलाच्या वतीने बोलता का?' मी 'कधी कधी'वर टिचकी मारली. सिग्ने मागे उभी होती. म्हणाली, "आजी, खोटं कशाला? नेहमी."

"मी नेहमी बोलते?"

"परवा लायब्ररीत त्या बाईने मला नाव विचारलं. तू सांगितलंस. वय पण सांगितलंस. माझा आवडता रंग पण सांगितलास, आणि तो चूक होता."

तेव्हा आता माझा अभ्यास असा की तिला कोणी काही विचारलं की मी गप्प राहायचं आणि मनात काहीतरी म्हणत बसायचं. मी नद्यांची नावं म्हणते. गेल्या मंगळवारी दाताच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरने विचारलं, "काय सिग्ने, कुठे दुखतंय?" आणि तोंड उघडलं मी. लगेच मिटलं. लुले, पिते, स्केलेफ्ते, ऊमे... मी पार दक्षिणेपर्यंत पोचले तेव्हा सिग्ने म्हणाली, "डावीकडे. खाली." एवढंच. मान पार लालभडक झाली होती, पण म्हणाली.

दुकानातलं काम याहून वाईट होतं. यीस्ट कुठे आहे ते दुकानातल्या मुलीला विचारायचं. सिग्नेला ते चांगलं ठाऊक आहे, मुद्दाम तेच विचारायचं. मी गाडीतच बसायचं. आधी घरी लिहायचं की काय होईल असं वाटतंय. तिने लिहिलं, 'आवाज फुटणार नाही. ती हसेल. सगळे वळून बघतील.' पहिल्या दिवशी हात हलवत बाहेर आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. आली तेव्हा हातात पुडी होती. 'काय झालं' या रकान्यात लिहिलं, 'ती म्हणाली, दुधाशेजारी.'

आता घरात इतकं यीस्ट झालंय की मी रोज पाव भाजते आणि रोलांड सुटतोय.

तू विचारलंयस, सिग्ने तुला स्वतः का लिहीत नाही. तिला अभ्यास फार आहे असं मी लिहिणार होते. पण तिथे तुम्हाला सगळ्यांना खरं बोलायला शिकवत असतील, तर मी एकटीनेच खोटं लिहिण्यात काय अर्थ? मागच्या पत्रातली मिठी माझी होती. मी तिला म्हटलं, "आईला लिहितेय, काही सांगू का?" ती उठून खोलीत गेली. आवाज न करता दार लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

आई


२७ मार्च

मालिन,

सोमवारी वॅफल केले, कोणी खाल्ले नाहीत.

सगळं ठप्प झालंय. सिग्ने दोन तासांसाठी शाळेत गेली होती. हिल्लेवीशी ठरवूनच गेली, चित्रकलेच्या वर्गाला, जिथे बोलावं लागत नाही. वर्ग नीट झाला. बाहेर पडताना कोणीतरी म्हणालं, "कोटांचा स्टँड नवा आणलाय हं, आईला सांग." आणि बाकीचे हसले.

ती चालत घरी आली. रस्त्यावर अजून गुडघाभर बर्फ आहे. तेव्हापासून ती कॉम्प्युटर उघडत नाही, खाली येत नाही, मी ताट दाराशी ठेवते. हे मी करायला नको, माझ्या धड्यात तसं स्पष्ट लिहिलंय. तरी ठेवते.

मालिन, आपण हे कधीच बोललो नाही, म्हणून मी आता लिहिते. सप्टेंबरमध्ये शाळेच्या पालकसभेला तू पिऊन आलीस. कोट टांगायचा स्टँड अंगावर घेऊन सगळ्यांसमोर पडलीस. सिग्ने तुला उचलायला गेली, आणि कोणीतरी ते फोनवर टिपलं. ती लाजरी पहिल्यापासूनच होती. पाच वर्षांची असताना वाढदिवसाला टेबलाखाली जाऊन बसायची. सगळं त्या एका संध्याकाळमुळे झालं असं मी म्हणत नाही, हिल्लेवीही म्हणत नाही. पण शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये जाणं तिने त्या आठवड्यात सोडलं आणि नोव्हेंबरपर्यंत शाळाच सुटली.

काल हिल्लेवीने मला फोन केला. मी तो घेऊन वर गेले, स्पीकर लावला आणि दाराशी जमिनीवर बसले. माझे गुडघे काय म्हणाले ते विचारू नकोस.

सिग्ने आतून ओरडली. ती ओरडते हे मला माहीतच नव्हतं. "तुमच्या धड्यात लिहिलंय की लोक आपल्याला वाटतं तितकं बघत नसतात! त्यांनी बघितलं! त्यांच्याकडे व्हिडिओ आहे! मी काय चुकीचा विचार करते ते सांगा ना मला!"

मी फोन दाराच्या फटीशी धरला.

हिल्लेवी म्हणाली, "तू चुकीचा विचार करत नाहीयेस. त्यांनी बघितलं. तो धडा तुझ्यासाठी अपुरा आहे, आणि ते मी आधी ओळखायला हवं होतं."

हिल्लेवी तशीच पुढे म्हणाली,

"मग आपण 'ते बघतील का' हे विचारायचं सोडून देऊ. बघतील. तू दुसरंच करून बघ. ते बघत असताना उभं राहता येतं का?"

"नाही येत."

"बरं. आज नाही येत."

संध्याकाळी सिग्ने खाली आली, गार वॅफल खाल्ला, उभ्याउभ्याच, माझ्याकडे पाठ करून.

हे वाचून तू तिथून निघून वगैरे येऊ नकोस. मी तुला त्रास द्यायला लिहिलेलं नाही. थोडं त्यासाठीही लिहिलंय.

आई


२० एप्रिल

मालिन,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि आर्नेच्या फोटोमागे ठेवलं. तुझ्या बाबाला ते वाचायला आवडलं असतं. तू लिहिलंयस की तुला त्या संध्याकाळचं फक्त छत आठवतं, आणि तुझ्यावर वाकलेलं सिग्नेचं तोंड.

नदीवरचा बर्फ फुटायला लागलाय, दिवसभर कडाकड ऐकू येतं. सिग्ने आठवड्यातून तीनदा शाळेत जाते. जेवणाच्या हॉलमध्ये चित्रकलेच्या शिक्षिकेसोबत बसून सूप प्यायली. पिझ्झावाल्याला फोन केला आणि मुद्दाम अननसाचा मागवून मग म्हणाली, "थांबा, मला अननस नको." तो वैतागला. ती घामाघूम झाली, पण फोन ठेवल्यावर हसली. खूप दिवसांनी दात दिसले.

तिच्याकडे एक शिडी आहे. म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेली. खाली सोपी कामं, वर अवघड. मला वाटत होतं सगळ्यात वर वर्गासमोर बोलणं असेल. परवा तिनेच मला दाखवली. सगळ्यात वर लिहिलंय, 'ग्रानलीडेनला आईसोबत सगळ्यांमध्ये बसून जेवणं.'

मी म्हटलं, "आईसोबत जेवायची भीती?"

"आई सगळ्यांसमोर काय करेल याची भीती. आणि मी काय करेन याची. आणि ते सगळं एकाच खोलीत."

११ मे, शनिवार, तुमच्याकडे नातेवाइकांचा दिवस आहे. तिने तुमच्या माहितीपत्रकात स्वतः शोधून काढलं. तिला एकटीला यायचंय. ओस्टरसुंडची सकाळची बस, मध्ये फाट्यावर उतरायचं, पुढे चालत. मी म्हटलं मी गाडीतच बसेन, आत येणार नाही. ती म्हणाली, "आजी, तू गाडीत बसलीस की मला खिडकीतून तुझे ओठ हलताना दिसतात."

तेव्हा मालिन, ऐक. सिग्ने एकटी येणार आहे. तुला काही खास करायचं नाही. भाषण नको, भेटवस्तू नको. ती लाल झाली तर 'अगं लाल झालीस' असं म्हणायचं नाही. तू फक्त टेबलाशी बसलेली हवीस. एवढंच मला तुझ्याकडून हवं आहे, आणि या वर्षी दुसरं काही मागणार नाही.

आई


६ मे

मालिन,

तुझं कार्ड मिळालं. 'खिडकीजवळची जागा धरून ठेवते' हे वाचून सिग्नेने कार्ड फ्रिजवर लावलं. निळा स्वेटर घालणार आहे. दालचिनीचे पाव ती आतापासून स्वतः भाजून बघतेय, माझी मदत नाकारून, स्वयंपाकघराची अवस्था बघवत नाही. हिल्लेवीने बुधवारी तिला विचारलं, "मनाजोगं झालं नाही तर काय करशील?" सिग्ने म्हणाली, "जेवेन आणि परत येईन."

मला झोप नाही. तू झोप नीट.

आई


१३ मे

मालिन,

हे पत्र कुठे पाठवायचं मला माहीत नाही. तरी लिहिते, नाहीतर हे सगळं मी सिग्नेसमोर बोलेन.

सिग्ने परत निघताना तिथल्या एकाने तिला सांगितलं, तू शुक्रवारी संध्याकाळी बॅग घेऊन निघून गेलीस, आणि जाताना सांगितलंस की कोणालाही कळवू नका. कोणालाही. केंद्रवाल्यांना तसं सांगितलं की त्यांचे हात बांधले जातात, कायदा आहे म्हणे. शनिवारी सकाळी मी रोलांडबरोबर तिला बसवर सोडून हात हलवत होते, तेव्हा तू तिथे नव्हतीसच.

पुढचं सगळं सिग्नेने सांगितलंय. मी तसंच लिहिते.

ती पोचली तेव्हा जेवणाचा हॉल भरला होता. मुलं, बायका, म्हातारे आईवडील. ती दारात उभी राहिली आणि पावांचा डबा हातातून सुटला. झाकण घरंगळत गेलं. सगळे वळले. तिने झाकण उचललं आणि म्हणाली, "मी सिग्ने. मालिनची मुलगी. आई कुठे बसलीय?"

कोणी उत्तर दिलं नाही. ती म्हणते तेच सगळ्यात वाईट होतं. तिथल्या लोकांना माहीत होतं, ते ताटांकडे बघत होते. उलरिका, तिथली व्यवस्था बघणारी, तिला बाहेर घेऊन गेली.

"तुझी आई इथे नाही, सिग्ने. याहून जास्त सांगायची मला परवानगी नाही."

"केव्हा येईल?"

"ती आता इथे राहत नाही, राणी."

उलरिका मला फोन लावणार होती. सिग्ने म्हणाली, "नको. मी जेवायला आलेय."

आणि ती परत आत गेली, मालिन. खिडकीजवळच्या टेबलाशी एक दांडगा माणूस होता, केन्नेथ, हातभर गोंदलेलं. त्याच्यासमोरची खुर्ची रिकामी होती. त्याने ती पायाने मागे सरकवली. "बस. मासा घेऊ नकोस, मऊ लगदा आहे. बटाटे बरे आहेत."

ती बसली. काटा हातात थरथरत होता, वाटाणे टेबलभर. "लोक बघत होते, आजी. सगळे. खरंच सगळे," ती म्हणाली. "मी खाल्लं."

जेवण झाल्यावर केन्नेथने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "माझीही येणार होती. तुझ्याएवढीच आहे." सिग्नेने त्याला पाव दिला. त्याने तो खाल्ला नाही, रुमालात गुंडाळून ठेवला.

संध्याकाळी रोलांडने तिला थांब्यावरून आणलं. गाडीत त्याने तिला काही विचारलं नाही, देव त्याचं भलं करो. घरी येऊन तिने तो रकाना भरला. मी बघितला, मला तिनेच दाखवला. 'काय होईल' यात तिने आधी लिहून ठेवलं होतं, 'हात थरथरतील. मी लाल होईन. आईला माझी लाज वाटेल.' समोर लिहिलंय, 'हात थरथरले. मी लाल झाले.' तिसरी ओळ कोरी आहे.

आज हिल्लेवीने मुद्दाम वेगळी वेळ काढली. सिग्नेने सगळं सांगितलं, कॅमेरा लावून, सरळ बघत. हिल्लेवीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "यासाठी माझ्याकडे धडा नाही."

सिग्ने म्हणाली, "मला माहितीये."

तू जिवंत आहेस का?

आई


२९ मे
जेनेटच्या पत्त्यावर, सुंड्सवाल

मालिन,

मागचं पत्र सोबत घातलंय. वाच किंवा जाळ.

तुला कसं शोधलं ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. मी नाही शोधलं. मी पोलिसांना फोन केला, ते म्हणाले मोठी बाई आहे, स्वतःच्या पायांनी गेलीय. मी हात टेकले.

१९ तारखेला, रविवारी सकाळी सिग्ने माझ्या टेबलाशी बसली, तुझी जुनी पत्त्यांची वही आणि फोन घेऊन. मी बटाटे सोलत होते. "नमस्कार, मी सिग्ने, मालिनची मुलगी. ती तुमच्याकडे आहे का?... नाही, काही झालेलं नाही. ती जिवंत आहे का एवढंच मला कळायला हवंय." मग पुढचा नंबर. तुझ्या जुन्या कामाच्या ठिकाणचे, तुझा तो दाढीवाला, शाळेतल्या मैत्रिणी ज्यांच्याशी तू वर्षानुवर्षं बोलली नाहीस. एकजण फोनवरच तुझ्याबद्दल वाटेल ते बोलला. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "बरं. पण ती आहे का तिथे?" मी एकच बटाटा सोलत होते. हातात काही उरलं नाही तेव्हा लक्षात आलं.

आणि तुझ्या मैत्रिणीने, जेनेटने, तुला फोन दिला.

तुझं मला ऐकू आलं नाही. तिचं आलं. "हो, मी... हो, आले होते... एकटी, बसने... जेवले. आई, रडू नकोस. तू रडायला लागलीस की मला बोलता येत नाही, आणि मला आज बोलायचंय... मी रागावलेय. फार रागावलेय... नाही, आजीने सांगितलं म्हणून नाही."

मग ती फोनकडे बघत बसली.

"कोणी ठेवला?" मी विचारलं.

"तिने."

मी नंबर लावायला हात पुढे केला. तुला जे बोलणार होते ते इथे लिहीत नाही. सिग्नेने फोनवर हात ठेवला. "नको आजी. माझं बोलणं होतं."

हे वाचून तुला वाटेल पोरगी सावरली. नाही. दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. बुधवारी हिल्लेवीसमोर आली नाही. शाळेत कोणी काही म्हणालं नाही तरी मधूनच घरी आली, स्वच्छतागृहात बसून राहिली होती म्हणे. माझ्याशीही तुसडेपणाने वागते. काल मला म्हणाली, "तू आईसाठी पण सगळं बोलत होतीस. कामावर फोन करून 'तिला ताप आहे' म्हणून सांगायचीस." खरं आहे. मी नद्यांची नावं म्हटली नाहीत. नुसती बसून राहिले.

आई


१५ जून

मालिन,

तुझं पत्र आलं. चौदा दिवस थेंब घेतला नाहीस असं लिहिलंयस. मी विश्वास ठेवते. मला विश्वास ठेवायची खोड आहे.

शाळा बुधवारी संपली. पटांगणात सगळे गात होते, सिग्ने शेवटच्या रांगेत उभी होती, गायली नाही. पण उभी होती, आणि नंतर एका मुलीबरोबर आइस्क्रीम खाताना मी तिला लांबून बघितलं. त्या मुलीचं नाव मला माहीत नाही. विचारलं नाही. तिचे बरेच विषय राहिलेत, उन्हाळ्यात शिकवणी आहे. हिल्लेवीचे धडे संपले. शेवटच्या दिवशी दोघी पडद्यावर नुसत्या गप्पा मारत होत्या, कुत्र्यांबद्दल. शरद ऋतूत पुन्हा एकदा बोलायचं ठरलंय.

तू लिहिलंस, 'मिडसमरच्या सणाला घरी येऊ का? सिग्नेला तू विचार, तुला ती नाही म्हणणार नाही.'

मी खरं सांगते. तिला न विचारताच मी 'ये' असं उत्तर लिहून पाकीट चिकटवलं होतं. मला तू यायला हवी आहेस. तू माझी मुलगी आहेस, नवे बटाटे आणि हेरिंग मासे तुझ्याशिवाय माझ्या घशाखाली उतरत नाहीत. आर्ने गेल्यापासून त्या टेबलाशी आपण तिघी, आणि आता दोघी. मी पाकीट घेऊन पोस्टाकडे निघाले, पेटीपर्यंत गेले आणि परत आले.

ती बागेत होती. मी तिला तुझं पत्र वाचायला दिलं. तिने वाचलं.

मग म्हणाली, "मला 'नाही' म्हणायचंय."

"तर म्हण."

"तू लिही ना. तुला जमतं."

"मला 'नाही' म्हणायचं नाहीये, सिग्ने. मी लिहिलं तर ते खोटं होईल. हा घे कागद."

पाकीट फाडलं. हा तोच कागद आहे, जुना मजकूर खोडून मागच्या बाजूने लिहितेय. खाली जागा सोडली आहे.

आई


आई,

मिडसमरला येऊ नकोस. मला भीती वाटते म्हणून नाही. तू आलीस तर मी दिवसभर तुझ्या ग्लासात काय आहे ते बघत बसेन, आणि मला तसं बसायचं नाहीये. मला मैत्रिणीकडे बोलावलंय, मी तिथे जाणार आहे.

मी उलरिकाला फोन केला होता. ऑगस्टमध्ये एक जागा रिकामी होतेय. ती तुला स्वतः मागावी लागेल. मी मागितली तर चालत नाही. मी विचारलं.

तू गेलीस तर मी येईन. नाही गेलीस तरी फोन कर, रविवारी. मी उचलेन. पण पिऊन असलीस तर मी ठेवून देईन, आणि तेव्हा आजीला लावायचा नाही.

अक्षर फार वाईट आलंय. मी परत लिहून काढणार नाही.

सिग्ने